घराचं तोंड कुणीकडं

ओळंबा गवंडी सकाळी साडेसातला प्लॉटवर आला, सायकल तुतीच्या झाडाला टेकवली आणि चहाचा कप हातात घ्यायच्या आधीच सांगून टाकलं, "पाया-जोत्याला माझ्याकडं दहा दिवस आहेत. अकराव्या दिवशी मी शाळेच्या भिंतीवर. त्यानंतर पाऊस. त्यानंतर तुम्ही आणि तुमचा चिखल."

माणूस उंच, बारीक, वरून कुणीतरी दोरीला बांधून सोडल्यासारखा सरळ. म्हणून लोक त्याला ओळंबा म्हणायचे. त्याला राग यायचा नाही. उलट कुणी भिंतीला नावं ठेवली की तो भिंतीशेजारी जाऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "माझ्याशी ताडून बघा."

"चिखल कशाला," मिस्त्री म्हणाला. "परवाच सगळं आखून ठेवलंय. तू फक्त खोदायला घे."

मिस्त्री ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. अठरा वर्षं दुसऱ्याच्या शेडमध्ये. आता शेडच्या मालकाला तिथं कोंबड्या पाळायच्या होत्या आणि महिनाअखेर जागा रिकामी करा असा निरोप आला होता. दुसरा कुणी असता तर हबकला असता. हा मात्र गावभर सांगत सुटला, "मला काढून कोंबड्या आणतोय! माझ्यापेक्षा जास्त घाण करतील, बघशील!" त्याला हसायला काय जात होतं? त्याच्याकडं आता स्वतःचा प्लॉट होता. रस्त्याला चाळीस फूट, आत शंभर फूट. पट्टीसारखा लांबुळका. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती, पुढं डांबरी रस्ता, मागं तारेचं कुंपण आणि त्याला बिलगलेली झुडपं.

नकाशा त्यानं जमिनीवरच काढला होता, पांढरी फक्की मारून. कागद त्याला जमायचा नाही. फूट-इंचही नावालाच, खरं माप ट्रॅक्टरमध्ये चालायचं. पुढं मोकळी जागा, दोन ट्रॅक्टर. मग गॅरेज, तीन गाळे, एका गाळ्यात गाडीखाली उतरायचा खड्डा. त्याच्या मागं घर. "स्वयंपाकघर अर्धी ट्रॉली, झोपायची खोली एक ट्रॉली, आबांची खोली..."

"आबांची खोली स्टेपनी," आबा स्वतःच म्हणाले.

आबा म्हणजे मिस्त्रीचे वडील. चाळीस वर्षं ट्रक चालवला, आता खुर्ची चालवायचे. प्लास्टिकची पांढरी खुर्ची. ऊन सरकलं की खुर्ची सरकायची.

दोन दिवस त्या फक्कीच्या घरात वहिनी नुसती हिंडत होती. मिस्त्रीची बायको. पण गिऱ्हाइकं वहिनी म्हणायची, त्यांचं ऐकून भाजीवाला, पोस्टमन, शेजारच्या आज्यासुद्धा वहिनीच म्हणायला लागल्या, आणि आता तर आबाही कधीकधी चुकून म्हणायचे. ती स्वयंपाकघरात उभी राहायची आणि हवेतच हात लांब करून बघायची. इथं ओटा. इथं खिडकी. इथं हात पुसायचं फडकं. पोरीला म्हणाली, "जरा बाहेरच्या खोलीत जाऊन मला हाक मार बरं."

पोरगी सोळाची. शाळा सोडून वर्ष झालं होतं. बाकावर बसलं की पाय वळवळतात, एवढंच कारण तिनं सांगितलं होतं आणि त्यावर कुणी काही बोलायला गेलं की तडतडायची. म्हणून फटाकडी. ती दोन उड्या मारून पलीकडच्या चौकोनात गेली आणि ओरडली, "आई!"

"ऐकू येतंय!" वहिनी खूश झाली. "म्हणजे भांडता येईल."

ओळंब्यानं खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. फक्कीच्या रेघेवरून तो घराभोवती एक फेरी मारून आला. मग दुसरी. मग कान खाजवत उभा राहिला.

"मिस्त्री, दार कुठाय?"

"कशाचं?"

"घराचं."

"हे काय." मिस्त्रीनं गॅरेज आणि घराच्या मधल्या भिंतीतली मोकळी जागा पायानं दाखवली.

"हे गॅरेजात उघडतंय."

"मग?"

"बाहेर उघडणारं कुठाय?"

मिस्त्रीनं त्याच्याकडं असं बघितलं, जणू कुणी ट्रॅक्टरचं दुसरं स्टिअरिंग कुठाय असं विचारलंय. "बाहेर जायचं तर गॅरेजातनं जायचं. रस्ता पुढंच आहे की!"

वहिनी तिथंच होती. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्याखालचा आनंद निघून गेला. ती रेघेवरून चालायला लागली. हा कोपरा, तो कोपरा, मागची भिंत, परत पहिला कोपरा. खरंच नव्हतं. दोन दिवस तिनं फडकं कुठं टांगायचं ते ठरवलं होतं, आणि दार नाही हे तिच्या डोळ्यांना दिसलंसुद्धा नव्हतं.

दिसणार कसं? शेडच्या मागच्या त्यांच्या खोलीलाही नव्हतंच. अठरा वर्षं ती बाजाराला निघाली की आधी जॅक, मग टायरची चळत, मग खड्ड्याच्या कडेनं पाय जपत, मग गिऱ्हाइकांच्या बाकासमोरून. साडीला काळा डाग लागला नाही असा एक दिवस नाही. तिची बहीण नवे बूट घालून आली होती, ती ग्रीसमध्ये पाय पडल्यावर जी गेली ती परत रस्त्यावरूनच हात हलवायची. आणि गिऱ्हाईक कधीही आत. वहिनी, पाणी द्या. वहिनी, काडेपेटी आहे का? वहिनी, मिस्त्री कुठं गेला? ती केस धूत असली तरी.

"बाईमाणसाला जरा अडचण होते," ओळंबा हळूच म्हणाला.

"कसली अडचण! अठरा वर्षं त्यातनंच गेलो-आलो की. अरे, ही फटाकडी त्यातनंच बाहेर पडली." मिस्त्रीला गोष्टच सापडली. ती त्यानं हजारदा सांगितली होती. "हिला कळा सुरू झाल्या, आणि गॅरेजात एक ट्रॅक्टर आडवा. मागची दोन्ही चाकं काढलेली, इंजिन उघडं. बाहेर पडायला फट नाही! मी काय करतो? चार गिऱ्हाइकं धरली, खाली लाकडाचे ओंडके घातले, आणि हैय्या! दवाखान्यात जायच्या आधी मी ट्रॅक्टरची डिलिव्हरी केली!"

ओळंबा हसला. आबा हसले. दर वेळी वहिनीही हसायची. आज नाही हसली.

"मला दार पाहिजे," ती म्हणाली.

"आहे की..."

"माझं. पाय बाहेर टाकला की अंगावर ऊन येईल असं. ऑइल नाही."

मिस्त्री काही दगड नव्हता. त्यानं डोकं खाजवलं, दोरी उचलली, गॅरेज शेजाऱ्याच्या भिंतीपासून चार फूट आत सरकवलं आणि बाजूनं बोळ काढून दिला. "घे. रस्त्यापासून थेट घरापर्यंत. तुझा हायवे."

वहिनीचा जीव जरा खाली बसला. ती चहा करायला दगडांच्या चुलीपाशी गेली. तेवढ्यात जुन्या शेडमधून सामानाची पहिली खेप आली, मिस्त्रीनं उतरवून घेतली. चहा घेऊन ती परत आली तर बोळात दोन टायर, एक ड्रम आणि फुटकी बॅटरी.

फटाकडी हसून हसून जमिनीवर बसली. "बाबा! आखून तास नाही झाला!"

"अरे, ते तात्पुरतं..."

"बाबा, तुम्ही जुन्या शेडमध्ये पहिल्या दिवशी जो ड्रम तात्पुरता ठेवला होता म्हणे, तो हाच."

मिस्त्रीनं ड्रमकडं बघितलं. तोच होता.

वहिनीनं चहा त्या ड्रमवरच ठेवला आणि पाठ फिरवली. ती बोलली नाही की घरात सगळ्यांना धाक वाटायचा. त्या दिवशी ओळंब्यानं खोदलं नाही, नुसत्या खुंट्या सरळ केल्या आणि संध्याकाळी सायकल घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी ओळंबा येतो तर नकाशाच पालटलेला. मायलेकींनी सकाळी लवकर येऊन जुन्या रेघा झाडूनं पुसल्या होत्या आणि उरलेल्या फक्कीनं घर पुढं आणलं होतं, ऐन रस्त्यावर, छातीवर बिल्ला लावावा तसं. बाजूनं बारा फुटांची गाडीवाट. गॅरेज पार मागं. दाराच्या जागी फटाकडीनं फक्कीची चांगली जाड कमान काढली होती, आणि वर दोन फुलं.

मिस्त्री कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "छान आहे," तो म्हणाला. "फुलं विशेष. आता मला सांग, ट्रॉलीवाला आत कसा जाणार?"

"बाजूनं. बारा फूट आहे."

"जाईल. वळणार कसा?"

"मागं मोकळी जागा आहे की!"

"थांब." तो तडक निघून गेला, आणि अर्ध्या तासात कुणाचातरी ट्रॅक्टर घेऊन आला, मागं रिकामी ट्रॉली खडखडत. आवाज ऐकून शेजारचे भिंतीवरून डोकावायला लागले. दोघं-तिघं सायकलवाले थांबले. फुकटचा खेळ कोण सोडतो?

वहिनी जाऊन आपल्या स्वयंपाकघरात उभी राहिली. घराच्या मागच्या कोपऱ्यात, गाडीवाटेच्या कडेला होतं ते. फटाकडी तिच्या शेजारी.

ट्रॅक्टर बाजूनं आत गेला, सुरेख. मागच्या मोकळ्या जागेत मिस्त्रीनं गोल फिरवला आणि परत निघाला. ट्रॅक्टरचं तोंड वाटेत बरोबर आलं, पण ट्रॉली काही ट्रॅक्टरच्या मागोमाग येत नाही, ती कोपरा कापते. ट्रॉलीचं चाक रेघ ओलांडून आलं आणि वहिनीपासून दोन हातांवर थांबलं.

"सरक!" मिस्त्री वरून ओरडला.

"नाही सरकत. मी ओट्यापाशी आहे."

"तिथं ओटा नाहीये!"

"तुम्हाला दिसत नाही म्हणून नाही का?"

भिंतीवरचे हसले. फटाकडीनं दोन्ही हात पसरले. "बाबा, दूध उतू जाईल! मागं घ्या!"

"डावीकडं काट! आधी डावीकडं काट, मग सोड!" आबा खुर्चीतून हात फिरवत होते. त्यांच्या अंगात चाळीस वर्षांचा ट्रक संचारला होता. "आरसा बघ, गाढवा!"

मिस्त्रीनं परत फिरवला. मान पाठीकडं वळवून, जीभ दातात धरून, इंच इंच. परत चाक स्वयंपाकघरात. तिसऱ्यांदा आबांच्या सांगण्याप्रमाणे काटला, तर ट्रॉली शेजाऱ्याच्या भिंतीला घासता घासता राहिली आणि चाक थेट फडक्याच्या जागी.

वहिनीनं खाली बघितलं. चाकाचा ठसा रेघेच्या दीड हात आत होता. तिला राग येत होता, पण अठरा वर्षं गॅरेजच्या मागं राहून गाडीचं तिलाही कळत होतं. नवरा खोटं चालवत नव्हता. कपाळावरून घाम गळत होता त्याच्या. जमवायचा त्यानं मनापासून प्रयत्न केला होता. आणि जमलं असतं तरी, घराच्या मागं दडलेलं गॅरेज रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसणार तरी कसं?

ती स्वतःच बाजूला झाली. फटाकडीच्या कमानीवरून ट्रॉली गेली. फुलं पुसली.

"मी जिंकलो असं नाही म्हणत," मिस्त्री खाली उतरून म्हणाला.

"म्हणू पण नका," फटाकडी फणकारली.

ओळंब्यानं खुंट्या पिशवीत भरल्या. "दोन दिवस गेले. उद्या सकाळी मला पाया कुठं खोदायचा ते दाखवा. नाही दाखवला तर मी सायकल उचलतो. माझा राग धरू नका, मला घर बांधता येतं, घरातलं मिटवता येत नाही."

दुपारी ऊन असं तापलं की फक्कीकडं बघवेना. ओळंबा झाडाखाली आडवा, मिस्त्री झाडाच्या दुसऱ्या बाजूला आडवा, दोघांची तोंडं दोन दिशांना. फटाकडी तोंडावर ओढणी घेऊन खोटं खोटं झोपलेली. वहिनीनं चहा गाळला आणि आबांचा कप घेऊन त्यांच्या खोलीच्या चौकोनाकडं निघाली. चौकोनही पुसलेला आणि खुर्चीही नाही.

आबा पार टोकाला होते. कुंपणापाशी. रस्त्याला पाठ करून, तोंड झुडपांकडं.

"इतक्या लांब कशाला आलात?"

"लांब कुठं? इथं वारा आहे."

खरंच होता. झुडपांच्या फटीतून गार, ओलसर वारा येत होता. पलीकडं कालवा, आणि कालव्याच्या कडेनं पायवाट. वहिनीनं हे आधी बघितलंच नव्हतं असं नाही, पण बघितलं होतं ते प्लॉटची मागची बाजू म्हणून. मागच्या बाजूला कोण कशाला बघतं? तिनं रंगाचा रिकामा डबा पालथा घातला आणि त्यावर बसली. तीन दिवसांत पहिल्यांदाच बसली ती.

पायवाटेनं एक माणूस सायकल हातात धरून गेला. "काय आजोबा, चहा आला वाटतं!"

"हा पोस्टात असतो," आबा म्हणाले. "बायकोशी बोलत नाही आठवडा झाला. उद्यापर्यंत बोलेल."

मग डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी, तिच्यामागं दोन शेळ्या. मग काखेत कापडाचं गाठोडं घेतलेली एक बाई कुंपणापाशी चक्क थांबली. "आजोबा, कालचं अर्धंच राहिलं. तो कुत्रा मग ट्रकमधून उतरला का नाही?"

"उतरला ना. पण दीडशे मैल पुढं."

बाई खळखळून हसली. मग तिचं लक्ष वहिनीकडं गेलं. "या तुमच्या सूनबाई? मी शिवणकाम करते, त्या पलीकडच्या वळणावर. तुम्ही इथंच राहायला येणार ना?"

"येणार," वहिनी म्हणाली. कुणी गाडीचं काही न विचारता तिच्याशी बोलून किती दिवस झाले होते? "पण आमचं तोंड तिकडं. रस्त्याला."

"तिकडून कोण जातंय? ट्रक. आम्ही सगळ्या इकडून जातो. सकाळी पाण्याला, संध्याकाळी पोरांना आणायला." गाठोडं या काखेतून त्या काखेत घेत ती निघाली. "या की एकदा घरी. ब्लाउजचं माप पण घेते."

ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत वहिनी बघत राहिली.

"आबा, तुम्ही तिकडं पाठ करून का बसलात?"

"अगं, तिकडं बघून काय करू? गाड्या जन्मभर बघितल्या." आबांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. "माणसं इकडं आहेत."

वहिनी उठली. कुंपणाला पाठ लावून उभी राहिली आणि तिनं प्लॉट उलटा बघितला. इथून बघितलं तर झाड डाव्या हाताला, सावली दारात. आणि रस्ता, तो भोंग्यांचा, धुराचा रस्ता, तो पार मागं राहिला.

ती धावत गेली नाही. पण चालण्यात जोर असा होता की फटाकडी ओढणी बाजूला करून उठून बसली. वहिनीनं फक्कीचं घमेलं उचललं आणि झाडाखाली येऊन ओळंब्याच्या पायापाशी आपटलं.

"भाऊजी, उठा. घर उलटं करायचंय."

"उलटं?"

"गॅरेज यांचं, रस्त्याला. यांनी आखलं होतं तिथंच. घरही तिथंच, मागं. फक्त त्याचं तोंड कालव्याकडं, कुंपणात एक फाटक. दोघांची पाठीला पाठ."

मिस्त्री कोपरावर उठला. ओळंबा उभाच राहिला, डोळे बारीक करून प्लॉटच्या या टोकाकडून त्या टोकाकडं बघत. "मागची बाजू हातभर खाली आहे," तो म्हणाला. "पाणी तुंबेल."

वहिनीचा चेहरा पडला.

"म्हणजे जोतं उंच घ्यायला लागेल. अडीच फूट. वर चढायला चार पायऱ्या." त्यानं बोटांवर हिशेब केला. "पाणी बाजूनं कालव्यात सोडून देऊ. दगड जास्त जाईल... पण थांबा. पाठीला पाठ म्हणजे मागची भिंत दोघांची एकच. तिथं वाचतंय. होतंय की!"

"चार पायऱ्या!" फटाकडी ओरडली. "बसायला!"

मिस्त्री आता पूर्ण उठला होता. तो गॅरेजच्या जागी गेला, घराच्या जागी गेला, कुंपणापाशी जाऊन आला, आणि येताना हसत होता. "अगं, हे मला का सुचलं नाही?"

"तुम्ही तोंड म्हटलं की बॉनेट बघता म्हणून," फटाकडी म्हणाली.

त्यानं तिच्या डोक्यात टपली मारली, फक्कीची मूठ घेतली, मधल्या भिंतीची लांब रेघ एका दमात ओढली, आणि मधोमध टाचेनं तीन फूट पुसून टाकली. "आणि हे इथं दार."

"नाही," वहिनी म्हणाली.

"अगं, बारकंसं. जेवायला यायला."

"चालत या. बोळातनं."

"बोळात टायर आहेत."

"तुमचेच आहेत."

"पाऊस असला तर?"

"भिजा."

"बरं, दार नको, खिडकी. ताट जाईल एवढी."

"आज ताट जाईल, उद्या गिऱ्हाइकाचं डोकं येईल. वहिनी, पाणी द्या."

"आपलीच माणसं आहेत गं ती! तुला एवढं काय..." मिस्त्रीचाही आवाज चढला. "अठरा वर्षं कधी बोलली नाहीस!"

वहिनीनं हातावरची फक्की झटकली. मग शांतपणे म्हणाली, "तुम्ही ती ट्रॅक्टरची गोष्ट सांगता ना."

"कुठली?"

"ओंडक्यांची. सगळे हसतात. मीही हसते. तुम्ही ओंडके शोधत होता तेव्हा मी कुठं होते, आठवतंय?"

मिस्त्रीला आठवेना.

"त्या ट्रॅक्टरला टेकून उभी होते. एका हातानं त्याचं मडगार्ड धरलं होतं. चौघं पुरुष समोर, दोघं बाकावर. सगळे मान खाली घालून, कारण बघायचं कुठं तेच त्यांना कळत नव्हतं. मला ओरडायचं होतं. ओरडता येत नव्हतं. मला वाटलं, हिचा जन्म आता इथंच होणार, या ऑइलमध्ये, या सगळ्यांसमोर." तिनं फटाकडीकडं बघितलं. "पंचवीस मिनिटं लागली तुम्हाला. शेडमध्ये घड्याळ होतं, मी त्याच्याकडं बघत होते."

झाडावरून एक पिकलेलं तुतीचं फळ पडलं, कुणी बघितलं नाही. फटाकडीनं ही गोष्ट जन्मापासून ऐकली होती. ती आईकडं बघत होती आणि तिचं तोंड जरासं उघडं होतं.

मिस्त्रीनं बराच वेळ आपल्या हातांकडं बघितलं. फक्कीनं पांढरे झाले होते, पण नखांतलं काळं तसंच. मग तो खाली वाकला. मूठ भरली, आणि टाचेनं पुसलेली ती तीन फुटांची फट पांढरी करत गेला. हळूहळू, इंजिनात तेल ओततो तसा, एक थेंबही बाहेर जाऊ न देता. रेघ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सलग झाली.

"खोद," तो ओळंब्याला म्हणाला. "आत्ता. उद्याची वाट कशाला बघतोस?"

मग जे काम सुटलं ते सुटलंच. ओळंब्यानं आपल्या दोन पुतण्यांना आणलं. मिस्त्री सकाळी शेडमध्ये नटबोल्ट पिळायचा आणि दुपारी इथं पहार मारायचा. वहिनीचे तळहात दुसऱ्याच दिवशी फोडांनी भरले, तिनं त्यावर चिंध्या बांधल्या आणि दगड उचलले. फटाकडी काँक्रीट कालवायची आणि ओळंब्याशी भांडायची. पाणी जास्त झालं, नाही कमी झालं. आठव्या दिवशी तो म्हणाला, "हिला शाळेच्या भिंतीवर घेऊन जातो." ती म्हणाली, "भिंतीवर येईन, वर्गात नाही." आबा कुंपणापाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना रोजचा हिशेब द्यायचे, आज दोन थर झाले, आज पायरी बसली. शिवणकामवाली एका संध्याकाळी गाठोडं खाली ठेवून विटांच्या साखळीत उभी राहिली, तिच्यामागं शेळ्यांची म्हातारी. शेळ्यांनी तेवढ्यात वहिनीचं हात पुसायचं फडकं खाल्लं.

नवव्या दिवशी चौकट बसली. भिंती अजून गुडघाभरच होत्या, पुढं त्या पुतणेच वर नेणार होते. पण ओळंबा म्हणाला, चौकट आधी उभी करतात, भिंत तिला धरून वर येते. दोन्ही बाजूंना टेकू देऊन त्यानं ती ओळंब्याची दोरी लावून सरळ केली, मग सवयीनं स्वतः शेजारी उभा राहिला. दोघं सरळ होते. चार पायऱ्या, वर चौकट, आणि चौकटीत कालवा, पायवाट, पलीकडची शेतं. बाकी सगळीकडं नुसतं आभाळ.

दुपारी वहिनी स्वयंपाकघरात स्टोव्हवर चहा करत होती. ओटा नव्हता, दोन विटा होत्या. मिस्त्री गॅरेजच्या बाजूला खांबाचा लोखंडी सांगाडा बांधत होता. चहाचा वास आला तसा तो उठला, हात पँटला पुसले, आणि नेहमीसारखा थेट निघाला. मधल्या भिंतीपाशी आला. गुडघाभर तर होती. पाय उचलला.

"अं हं," वहिनी मागं न बघता म्हणाली.

पाय हवेतच राहिला. "अगं, अजून भिंत कुठाय?"

"तुम्हाला दिसत नाही म्हणून नाही का?"

मिस्त्रीनं फटाकडीकडं बघितलं. तिनं खांदे उडवले. आबांकडं बघितलं. आबा आभाळ बघत होते. त्यानं पाय खाली घेतला. गॅरेजच्या कडेनं गेला, बोळात शिरला, एक टायर ओलांडला, दुसरा ओलांडला, ड्रमला नडगी आपटून एक शिवी हासडली, कोपऱ्यावरून वळला आणि कुंपणाच्या बाजूनं पुढं आला. पायवाटेवरचा पोस्टातला माणूस सायकल थांबवून बघायला लागला. चार पायऱ्या चढून मिस्त्री चौकटीशी आला. दोन्ही बाजूंना कुणीही कुठूनही आत येईल असं मोकळं मैदान, आणि हा बरोबर चौकटीसमोर उभा, घामाघूम, हातात पाना.

पान्यानं त्यानं लाकडावर टकटक केली.

"कोण?" वहिनी आतून म्हणाली.

"मी."

"मी कोण?"

"गॅरेजवाला. पलीकडं राहतो. चहा मिळेल का?"

फटाकडीनं तोंडात ओढणी कोंबली.

वहिनीनं स्टोव्ह बंद केला. पदराला हात पुसले, केसांची एक बट कानामागं नेली, कप भरले. एक थेंब न सांडता खाली ठेवले. मग ती बाहेरच्या खोलीतून, भिंती नसलेल्या त्या खोलीतून, दाराकडं निघाली. सावकाश. तिला मुळीच घाई नव्हती. बाहेरच्यानं थांबायला काय हरकत होती?